दिवसा सांगितलेली कहाणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि माइकसमोर तर — बाप्पा, माइकसमोर मी याच्या अगदी उलटं सांगत आले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर माणूस बसला की मला त्याला जिंकायचं असतं, सवयच लागली आहे तशी. इथे जिंकायचं कोणाला?

आधी माझी ओळख देते. मी शालू, मी कहाण्या गाते. राक्षसाच्या, बोलणाऱ्या पोपटाच्या, शापाने दगड झालेल्या राजपुत्राच्या. हातात खंजिरी, अंगावर करवती काठाचं लुगडं, आणि आवाज — आवाज देवाने दिला तो दिला, बाकीचा मी घासून घासून केला. ज्या गोष्टी सांगून लोक लेकरांना झोपवतात, त्याच गाऊन मी मोठ्या माणसांना जागं ठेवते. यावर माझं घर चाललं, मुलाचं इंजिनिअरिंग झालं. आज नागपूरच्या चारी दिशांना माझ्यासारखी कहाणी म्हणणारी बाई नाही. हे मी नाही म्हणत, माझ्यावर जळणारे म्हणतात. खोटी नम्रता मला जमत नाही. आणि हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कोणी असं समजू नये की बिचारी पार खचली. खचले-बिचले काही नाही. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे आणि तो मी गाजवणार आहे.

मग आताच कशाला बोलते? थांबा जरा. येते तिथे.

माझा कार्यक्रम तुम्ही पाहिला असेल तर त्याची सुरुवात तुम्हाला पाठ असेल. मी मंचावर येते, खंजिरी एकदाच वाजवते आणि विचारते, दिवसा कहाणी सांगितली तर काय होतं? लोक ओरडतात, मामा वाट चुकतो! आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कहाणी अंधार पडल्यावरच सांगायची. दिवसा सांगितली की कुठेतरी रस्त्याने चाललेला आपला मामा वाट चुकतो. मग मी सांगते, बापहो, हे खरं आहे! माझ्या मामाला साऱ्या विदर्भाच्या वाटा पाठ. माझा पहिला मोठा कार्यक्रम नागपुरात, मामा निघाला त्याच्या गावाहून, खाप्याहून, आणि मी वेडीने भर दुपारी तालीम केली. अख्खी कहाणी म्हटली, उन्हात! मामा नागपूर ओलांडून गेला सरळ बुटीबोरीला, कारखान्यांच्या गेटावर मला शोधत फिरला. इथे लोक हसतात. मी हसू देते. मग खंजिरी धरून हळूच म्हणते, तेव्हापासून मी दिवा लागल्याशिवाय तोंड उघडत नाही. टाळ्या.

कितीदा सांगितलं असेल हे? नागपूरच्या मिहानमधल्या एका कॉम्प्युटर कंपनीत सांगितलं, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेल्या पोरापोरींनी खुर्च्या बडवल्या. दिल्लीला हिंदीत सांगितलं. परदेशात एका बाईने माझं मराठी त्यांच्या भाषेत करून सांगितलं, तिथेही हसले. चांगला किस्सा कुठेही चालतो.

आणि तो खोटा आहे. — हं. निघालं तोंडातून. पण एवढ्यावर भागत नाही. खोटं तर मी रोजच सांगते, राक्षस काय खरे असतात? हे खोटं कोणाच्या अंगावर पडलं, ते सांगायचं आहे.

किसनमामा आईचा धाकटा भाऊ. खाप्याच्या मागावर विणलेली लुगडी गाठोड्यात बांधायचा आणि गावोगावी फेरीवर निघायचा. आधी पायी, मग सायकलवर. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. मुक्काम पडेल तिथे ओसरीवर बसायचा, आणि तिथल्या म्हाताऱ्या त्याला कहाण्या सांगायच्या. लुगडी विकायला जायचा आणि कहाण्या घेऊन यायचा, असं आई त्याला चिडवायची. माझ्याकडे जे काही आहे ना, ते त्या गाठोड्यातलं आहे. कापसाच्या बोंडातून निघालेल्या राणीची कहाणी, जिच्यावर माझं नाव झालं — ती त्यानेच आणलेली. हे मी मंचावरही सांगते. ते लपवण्याइतकी मी हलकी नाही. लपवलं ते वेगळंच.

मामा स्वतः गायचा नाही. मामा हुंकार द्यायचा. आता हुंकार म्हणजे काय, तर सांगणाऱ्याने एक ओळ म्हणायची आणि ऐकणाऱ्याने म्हणायचं, हूं. हुंकाराशिवाय कहाणी चालत नाही. हूं थांबला की समजायचं, ऐकणारा झोपला. मग कहाणी तिथेच मिटवायची. लहानपणी मी मामाला विचारलं होतं, अरे मामा, पोपट कुठं असा बोलते का? तू त्यालेही हूं काहून म्हणतो? तो म्हणाला, “पोपट खरा का खोटा, मले काय करा लागते वं? हूं म्हंजे — चाल पुढं, मी आहो तुह्या संगं.”

आणि काय हुंकार होता तो! पोटातून यायचा, थोडा नाकातून. राणी राक्षसाच्या दारात उभी आहे, मी ओळ अर्धी सोडली आहे, आणि मामाचा हूं यायचा तो भीत भीत. राणी सुटली की त्याच हूंमध्ये हसू असायचं. एकच अक्षर. मी नरडं फोडून जे करायचे, ते तो एका अक्षरात करायचा. आम्ही दोघं मिळून गावागावांत कार्यक्रम करायला लागलो, तेव्हा मी ऐन भरात होते. लोक वाहवा करायचे. आणि एकदा एका गावी, कार्यक्रम संपल्यावर, एक म्हातारा माझ्यादेखत दुसऱ्याला म्हणाला, “पोरगी बरी म्हणते गा. पण कहाणी त किसनाच्या हूंमधी हाय.”

पोरगी बरी म्हणते. — बरी!

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा शब्दाचं काय? मलाही तसंच वाटावं म्हणून मी फार प्रयत्न केला.

पुढे नागपूरचं बोलावणं आलं. सिव्हिल लाइन्समधला मोठा हॉल. दिल्लीहून एक बाई आणि एक गृहस्थ येणार होते, लोककलेच्या दौऱ्यासाठी कलाकार निवडायला. निवड झाली की देश-परदेश. ते म्हणाले, बरोबर साथीदार आणा. साथीदार म्हणजे मामाच, दुसरं कोण? तेव्हा मामाच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या पिठाच्या गिरणीवर होता. गिरणीवाला ओरडून बोलवायचा आणि मामा पळत यायचा. मी फोन केला.

आता इथे मी स्वतःला बरीच वर्षं काय काय सांगितलं ते ऐका. म्हणे मामा तंबाखू खातो, दिल्लीच्या लोकांपुढे बरं दिसणार नाही. म्हणे मामाचं धोतर मळकं असतं. म्हणे त्याला खोकला झाला आहे, मधेच ढास लागली तर? खोटं, सगळं खोटं! धोतर पाहून तर दिल्लीवाले खुश झाले असते, त्यांना तेच हवं असतं. खरं एवढंच होतं की मामाने हुंकार दिला असता, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या असत्या. मला त्या माना माझ्याकडे हव्या होत्या. सगळ्या. एकही सोडायची नव्हती.

गिरणीचा घरघराट चालू होता. मी मोठ्याने म्हटलं, मामा, कार्यक्रमाची जागा बदलली. आता बुटीबोरीले हाय. कारखान्याच्या कॉलनीचं मैदान हाय, तिथंच येजो. मामा म्हणाला, “येतो ना वं. तू चिंता नोको करू, मले वाट मालूम हाय.”

झालं. हेच ते. जीभ अडखळली नाही, आवाज कापला नाही. तुम्ही म्हणाल, सरळ नको येऊ म्हणायचं होतंस. हो. म्हणता आलं असतं. मामा आला नसता, आणि रुसलाही नसता. पण मग मी वाईट ठरले असते ना! मला वाईट न ठरता एकटीला उभं राहायचं होतं.

खाप्याहून बुटीबोरीला जायचं तर नागपुरातच बस बदलायची. म्हणजे मामा त्या दुपारी नागपुरात उतरला होता. हॉल तिथून रिक्षाने कितीसा लांब? मी हॉलमध्ये खंजिरीचं कातडं शेकून ताणून घेत होते, आणि तो काखेत पिशवी धरून बुटीबोरीची बस शोधत होता.

कार्यक्रमात मी पहिली ओळ म्हटली, एक होतं बोंड, आणि सवयीने थांबले. हूं आला नाही. कसा येणार? हॉल चिडीचूप. दिल्लीची बाई चष्म्यातून बघते आहे. आणि मग — मी काही कच्च्या गुरूची चेली नाही — मी कानाला हात लावला, पुढे वाकले आणि लोकांना म्हटलं, झोपले का जी सगळे? हूं म्हणा की! अख्ख्या हॉलने हुंकार दिला. भिंती हलल्या. पुढच्या कहाणीभर ते लोक माझे होते. माझी निवड झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की श्रोत्यांना हुंकार द्यायला लावण्याची या कलावंत बाईंची पद्धत अगदी नवी आहे. मुलाखतीत मला अजून विचारतात, ही कल्पना कशी सुचली? मी म्हणते, सुचली. ती मामाची रिकामी जागा होती, आणि ती मी लोकांकडून भरून घेतली.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी आला. मी मेथी निवडत होते. आल्या आल्या चप्पल काढतानाच बोलायला लागला, खुशीत, “भल्ला फिरलो वं काल! गेटा-गेटावर इचारलं. शिपाई म्हणे, यहाँ कैसा कार्यक्रम, बाबा? मंग बिहारचे पोट्टे भेटले, कामावरून सुटलेले. चहा पाजला. दिवे लागल्यावर म्या त्यायले कहाणी सांगितली, माह्या हिंदीत. काय हुंकार देत होते बापा पोट्टे!” आणि पिशवीतून त्याने हे लुगडं काढलं. हेच, जे मी प्रत्येक कार्यक्रमात नेसते. म्हणाला, कालच द्यायचं होतं, नेसून उभी राहिली असतीस.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिला जागा माहीत होती, ती हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसली होती. म्हणाली, “काहून गा किसना, बुटीबोरीले कायले गेलता? सिव्हिल लाइन्सले होता ना कार्यक्रम! म्या त तुही वाट पाहून पाहून थकली!”

मामाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याने नुसतं विचारल्यासारखं पाहिलं. मी मान खाली घातली आणि मेथीची एक काडी खुडत बसले. मग तो म्हणाला, “हाव बाई, माहीच चूक. वाट चुकलो मी.”

ऐकलंत? त्याने ओळखलं होतं, आणि मला पाठीशी घातलं. तेव्हाही बोलता आलं असतं. मी काय बोलले माहीत आहे? मी हसून म्हटलं, आई, म्या काल भर दुपारी तालीम केली ना, म्हणून मामा वाट चुकला! आई खो खो हसली. मामाही हसला. आणि मी — काय सांगू — मी तिथेच ओळखलं की हे मंचावर चालणार.

चाललं. भल्लं चाललं. माझं नाव होत गेलं आणि त्याचं जात गेलं. मामाची एकच मिजास होती, वाटांची. कुठला नाला कुठे उथळ आहे, कुठल्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गेलं की वळसा वाचतो, हे लोक त्याला विचारायला यायचे. वरातीच्या गाड्यासुद्धा निघण्याआधी विचारायच्या, किसनभाऊ, कसं जायचं? माझा किस्सा पसरला तसा तो वाटचुक्या मामा झाला. पोट्टे रस्त्यात अडवायचे, मामा, खापा कुठं हाय? तो हात करून दाखवायचा आणि हसायचा. परगावचे लोक येऊन विचारायचे, तेच का तुम्ही, शालूताईच्या कहाणीतले? तो म्हणायचा, हाव, मीच.

एकदा मावसभावाच्या लग्नाला आम्ही सगळे एका गाडीत होतो. फाट्यावर मामा ड्रायव्हरला म्हणाला, डावीकडून घे गा, पुढं पूल खचला हाय. गाडीत एकच हशा पिकला. “मामा, तुमी त राहूच द्या!” उजवीकडून गेलो. पूल खचलेला होता. मागे फिरलो, लग्नाला उशीर झाला, आणि तरी कोणी म्हटलं नाही की मामा बरोबर होता. तो खिडकीशी बसून बाहेर बघत होता. मी त्याच्या मागच्याच सीटवर होते. मी हसण्यात सामील होते, हेही लिहून टाकते.

मग काही वर्षांनी दिवाळीनंतरच्या मंडईत खाप्याला माझा कार्यक्रम ठेवला. मंडई म्हणजे आमच्याकडे जत्राच. आकाशपाळणे, गुळाची जिलबी, सारं गाव लोटलेलं. मामा थकला होता, गुडघे गेले होते. त्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. मला वाटलं होतं, आज किस्सा गाळावा. खरंच वाटलं होतं. पण मंचावर गेले, दिवे लागले, गर्दी दिसली, आणि लोकच ओरडले, मामाचं सांगा! मामाचं सांगा! मी सांगितलं. रंगवून सांगितलं, गावचाच होता ना तो. मामा वाट चुकला, असं म्हणून मी कानाला हात लावला. सगळ्या मंडईने हूं केलं आणि मान वळवून मामाकडे पाहिलं.

मामाचं तोंड मिटलेलं होतं.

त्या गर्दीत कोणाला कळलं असेल? मला कळलं. त्याचा हूं मी हजारात ओळखते. आईसमोर तो माझ्यासाठी खोटं बोलला होता. साऱ्या गावात वर्षानुवर्षं बोलला, ‘हाव, मीच’ म्हणून. पण हुंकार त्याने दिला नाही. पोपटाला दिला, राक्षसाला दिला, बोंडातल्या राणीला दिला, मला या गोष्टीवर नाही दिला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे बघत बसला होता. मग मी खंजिरी वाजवली, म्हटलं, एक होतं बोंड — आणि सगळ्यांच्या आधी हूं आला. पोटातून, थोडा नाकातून. शेवटच्या ओळीपर्यंत त्याने साथ सोडली नाही.

कार्यक्रमानंतर त्याच्या घरी जेवायला बसलो. मामी भाकरी टाकत होती. मी म्हणणार होते, मामा, त्या दिवशी — पण तो म्हणाला, “जेव वं, गरम हाय,” आणि माझ्या ताटात वांग्याची भाजी वाढली. मी जेवले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मामा गेल्या उन्हाळ्यात गेला. तेरवीच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, आता वरची तरी वाट सापडली असंल किसनभाऊले! वाईट मनाने नाही म्हणालं, प्रेमानेच म्हणालं. पंगत हसली. आणि मी, जिला सगळं माहीत होतं, ती पुन्हा हसले. सवयीने. घास तोंडात होता. तो गिळला आणि मग मला माझं हसणं ऐकू आलं.

म्हणून आताच बोलले. मला झोप येत नाही असं काही नाही, येते. मन हलकं करायचं म्हणाल तर तेही नाही, माझं मन ठणठणीत आहे. पण त्याची वाट त्याला परत देणारं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मंचावर लोक ओरडतील, मामाचं सांगा. तेव्हा जे सांगेन ते आज आधी इथे सांगते, आणि भर दुपारी सांगते, बाहेर लख्ख ऊन आहे.

किसनमामा वाट चुकला नव्हता. मी त्याला बुटीबोरीला ये म्हटलं होतं, आणि तो बुटीबोरीला बरोबर पोचला होता, दिवे लागायच्या आधी, माझं लुगडं घेऊन.

याला मी हुंकार मागत नाही.